शेवटच्या प्रकरणाचा टाका

टाकेबाईंच्या दुकानात शिलाई मशीन एकच होतं आणि खुर्च्या दोन. एक त्यांची, दुसरी येणाऱ्याची. सुईवर उजेड पडावा म्हणून मशीन खिडकीपाशी होतं. समोरच्या भिंतीवर, जिथे दुसऱ्या एखाद्या शिंप्याने नव्या फॅशनची चित्रं चिकटवली असती, तिथे लांबच्या लांब फळी होती आणि फळीवर पुस्तकं. सगळी रहस्यकथांची, सगळी हाताळून मऊ झालेली, आणि प्रत्येकाचं शेवटचं प्रकरण दोऱ्याने शिवून बंद केलेलं.

ते शिवायचं कसं, हे सांगायला हवं. पुस्तकाच्या मोकळ्या कडेला, अक्षरांना धक्का न लावता, दाभणाने बारीक भोकं पाडायची आणि त्यांतून जाड दोरा लांब लांब टाक्यांनी ओवत न्यायचा. कपडा पक्का शिवण्याआधी शिंपी घालतो तसा कच्चा टाका. शेवटाला गाठ. ती गाठ टाकेबाईंची स्वतःची होती, दुसऱ्या कुणाला मारता येत नसे. पुस्तक घरी न्यावं, आरामात वाचावं, वाचता वाचता टाक्यापाशी यावं आणि तिथे थांबावं. पुढचं हवं असेल तर दुकानात यायचं. खुर्चीत बसायचं. टाकेबाई कात्री उचलत आणि म्हणत, "नाव सांगा."

खून कुणी केला, त्याचं नाव. नाव सांगितल्याशिवाय कात्री चालत नसे. नाव बरोबर निघालं तर डब्यातलं एक बटण बक्षीस. चुकलं तर त्या म्हणत, "बसा, वाचा, आणि लाजा."

या पुस्तकांची ज्याला ओळख नाही त्याला वाटेल, रहस्यकथा म्हणजे अंधारी गल्ली, चाकू, पाठलाग. तसली पुस्तकं टाकेबाई उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. त्यांच्या फळीवरचे खून सभ्य होते. लहानसं गाव असतं, सगळे सगळ्यांना ओळखत असतात, आणि एक दिवस कुणीतरी, शक्यतो फारसा कुणाला न आवडणारा माणूस, गुलाबाच्या वाफ्यात किंवा जेवणाच्या टेबलापाशी मरून पडलेला सापडतो. रक्त दिसत नाही. किंकाळी एकच, तीही पहिल्या प्रकरणात आटोपते. मग पोलिसांनी खिजगणतीतही न धरलेली एखादी म्हातारी घरोघर चहा पीत चौकशा करते, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून एकाकडे बोट दाखवते. तो मुकाट कबूल होतो. उरलेले पुन्हा चहा पितात.

नवं पुस्तक आलं की टाकेबाई आधी स्वतः वाचत. लहान मूल मरत असेल तर पुस्तक परत. कुत्रं मेलं तरी परत. मांजराच्या केसालाही धक्का लागला नसेल तरच फळीवर जागा.

आणि कुणाला कोणतं पुस्तक द्यायचं, हे त्या मापं घेताना ठरवत. हात वर, मान सरळ, अंगाभोवती टेप, अशा वेळी माणसाला खोटं सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं. छाती मोजताना विचारत, झोप लागते का. कंबर मोजताना, घरी सोबतीला कोण असतं. टेप परत गळ्यात अडकेपर्यंत पुस्तक ठरलेलं असे. मुलगी लग्न होऊन गेली आणि घर खायला उठलं, अशा शाळेतल्या बाईंना त्यांनी तीन बहिणींचं पुस्तक दिलं, त्यात माणसं इतकी की वाचणाऱ्याला गर्दीत असल्यासारखं वाटावं. शेजारच्या सलूनवाल्याला त्या पातळ पुस्तकं देत, कारण तो दोन गिऱ्हाइकांच्या मधे वाचायचा. सलूनवाला प्रत्येक वेळी एकच नाव सांगायचा.

"डॉक्टर."

"या पुस्तकात डॉक्टर नाहीच आहे."

"मग लपलेला असेल. तुम्ही कापा तर खरं."

त्याला कधी बटण मिळालं नाही.

पहिला टाका मात्र गिऱ्हाइकांसाठी घातलेला नव्हता. तो घातला नवऱ्यामुळे. दुकान तेव्हा त्याचं. कापड बेतण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण पुस्तक हाती आलं की हा आधी शेवटचं पान उघडायचा. वाचून गप्प बसेल तर शपथ. बायको आणि बहीण दोघी तिसऱ्या प्रकरणात असायच्या आणि हा जेवताना सहज म्हणायचा, "त्या माळ्यावर जरा लक्ष ठेवा." एकदा बहिणीने पुस्तक उचललं आणि वहिनीच्या मांडीवर आपटलं.

"वहिनी, याचं तोंड शिव नाहीतर हे पुस्तक शिव."

तोंडापेक्षा पुस्तक सोपं होतं. टाका घालून झाल्यावर बहिणीनेच नियम सांगितला. खुर्चीत बसायचं, नाव सांगायचं, मग कात्री.

ही बहीण म्हणजे टाकेबाईंच्या वन्सं. वयाने धाकट्या, मानाने मोठ्या. बस आगारातल्या चौकशीच्या खिडकीत त्या नोकरीला होत्या. गाडी कधी येणार, कुठे लागणार, चुकली तर पुढची कधी. सकाळपासून लोकांना उत्तरं देऊन देऊन बाई अशी विटून जायची की संध्याकाळी तिला स्वतःसाठी एक प्रश्न लागायचा. घरी जाताना दुकानात डोकावायच्या, खुर्चीत टेकायच्या आणि चपला काढून पाय चोळत म्हणायच्या, "दे गं एखादा खून. फार मोठा नको."

खिडकीत वारा लागतो म्हणून त्यांच्या अंगात बारा महिने एक करडा स्वेटर असायचा. बक्षिसाची बटणं त्या त्यालाच लावून घ्यायच्या. मूळचं एकेक बटण काढायचं आणि जिंकलेलं लावायचं. होता होता स्वेटरवर एकासारखं एक बटण राहिलं नाही. लाल, पितळी, शिंपल्याचं, लाकडी. आगारातली माणसं हसायची. वन्सं ताठ मानेने सांगायच्या, "हे बटण बेकरीतल्या खुनाचं. हे दीपगृहातल्या. हसू नका, पकडलेत मी एकेकाला." गळ्याशी, सगळ्यांत वरचं एक मूळचं बटण तेवढं उरलं होतं.

टाकेबाईंचा नवरा गेला तो दुपारचा, कापड बेतताना. टेबलावर खडूची रेघ ओढायला वाकला तो वाकलेलाच राहिला. रेघ अर्धीच होती. का गेला, ते कुणाला नीट सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, होतं असं. दोघी बायका कितीतरी दिवस समोरासमोर बसून राहिल्या, एक खिडकीत, एक खुर्चीत. मग एका संध्याकाळी वन्संनी फळीवरून पुस्तक काढलं आणि वहिनीच्या हातात दिलं.

"वाच. यात मरणाला कारण असतं."

टाकेबाई तेव्हापासून खऱ्या वाचायला लागल्या. दुकान त्यांनी पुढे चालवलं, फळी लांब केली, आणि हळूहळू गावाने त्यांना टाकेबाई हे नाव दिलं. पण पहिली वाचक कायम एकच राहिली. कोणतंही नवं पुस्तक टाका घालून आधी वन्संकडे जायचं, मग फळीवर.

वन्संच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांनी ते महिनोन् महिने अंगावर काढलं. दवाखान्यात गेल्या तेव्हा डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला नेऊन सांगितलं. भाऊजी म्हणजे वन्संचे यजमान, बस चालवणारे. उंच, अबोल गृहस्थ. शिक्षण जेमतेम, वाचन म्हणाल तर रस्त्याच्या पाट्या. त्यांनी ते ऐकलं, टोपी डोक्यावर घातली, परत काढली, आणि दुकानात येऊन वहिनींना तेवढंच सांगितलं, "बरं नाही म्हणतात." टाकेबाईंना कळायचं ते कळलं.

त्यांनी फळीसमोर उभं राहून पुस्तक निवडलं. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हातारीची मालिका होती, वन्संची लाडकी, त्यातलं नवं. आणि मुद्दाम जाड. एका गायनमंडळाची गोष्ट. स्पर्धा चालू आहे, परीक्षक पहिल्या रांगेत डोळे मिटून ऐकतोय. गाणं संपतं, टाळ्या होतात, परीक्षक डोळे उघडत नाही. पियानो वाजवणारी, चहा देणारी बाई, परीक्षकाचा भाचा, डॉक्टर, सभागृहाचा रखवालदार, संशय सगळ्यांवर. टाकेबाईंनी त्याला टाका घातला, नेहमीपेक्षा जवळ जवळ, आणि गाठ दोनदा मारली.

त्यांच्या धंद्यात त्यांची एक रीत होती. कपडा पुरा झाला तरी शेवटचं बटण त्या लावत नसत. गिऱ्हाइकाने येऊन अंगात घालून पाहावं, मग बटण. लोक नवे कपडे शिवायला टाकतात आणि विसरतात, पण ज्याचं थोडंसं अडकून राहिलेलं असतं तो येतोच, हा त्यांचा इतक्या वर्षांचा अनुभव. दवाखान्याच्या जिन्यावरून पुस्तक घेऊन चढताना त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं.

पुढच्या खेपेला त्या दुपारी भेटायला गेल्या, तर वन्सं उशीला टेकून बसलेल्या. अंगात स्वेटर, हातात पुस्तक, बोट टाक्यापाशी. तोंड एवढंसं झालं होतं, पण डोळे चौकशीच्या खिडकीतलेच.

"वहिनी, झालं वाचून. टाक्यापर्यंत."

"इतक्यात? मी इतकं जाड दिलं होतं."

"इथे दुसरं काम काय आहे? नर्सबाई येते, टोचते, जाते. कात्री आणलीस?"

कात्री पिशवीत होती. टाकेबाई तिच्याशिवाय घराबाहेर पडत नसत.

"नाही आणली."

"बरं, राहू दे. नाव तर ऐक. या वेळी पैज लाव, इतकं पक्कं सांगते."

"नको, वन्सं."

"नको म्हणजे?"

"असं कॉटवर पडून नाव सांगायचं नसतं. दुकानात यायचं, खुर्चीत बसायचं, मग सांगायचं. नियम आहे."

"कुणी केला गं हा नियम?"

"तुम्हीच."

वन्सं हसल्या. हसल्यावर दुखलं, तशी त्यांनी पोटावर पुस्तक दाबून धरलं. बराच वेळ त्या वहिनीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. खिडकीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारायचं एक आहे आणि तो विचारतोय भलतंच, हे त्यांना पाहताक्षणी कळत असे.

"बरं बाई," त्या म्हणाल्या. "खुर्ची पुसून ठेव."

त्यानंतर काही दिवस टाकेबाई गेल्या नाहीत. शाळा सुरू व्हायच्या होत्या, गणवेशांचा ढीग पडला होता. कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. गेलं की नाव ऐकावं लागेल, आणि ते ऐकलं की वन्संचं काहीच अडकून राहणार नाही, अशी त्यांना भीती होती. त्या मशीनचं पायडल मारत राहिल्या. रोज सकाळी खुर्ची मात्र पुसत.

मग एक दिवस भाऊजी दारात येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. आत आले नाहीत. टाकेबाईंनी मशीनचं चाक हाताने थांबवलं.

दवाखान्यातल्या सामानाची पिशवी भाऊजींनी पुढे कधीतरी आणून दिली. पुस्तक तुमचं आहे, स्वेटर तुम्हीच ठेवा, एवढं म्हणून गेले. टाकेबाईंनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. टाका जसाच्या तसा, गाठ जशीच्या तशी. दोऱ्याचा रंग तेवढा एका जागी मळलेला होता, सारखं बोट फिरल्यासारखा.

ते पुस्तक त्यांनी फळीच्या टोकाला ठेवलं आणि कुणाला दिलं नाही. इतरही पुस्तकं त्यांच्या हातून कुणाला दिली जाईनात. शाळेतल्या बाई विचारायच्या, "आता काय वाचू?" टाकेबाई सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, "घ्या कोणतंही." मापं घेताना त्या आता काही विचारत नसत. माणूस हात वर करून उभा राहायचा, वाट पाहायचा, आणि मग कसनुसं होऊन हात खाली घ्यायचा.

त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं. वन्संच्या तोंडात कुणाचं नाव होतं?

खरा खुनी कोण ते टाकेबाईंना माहीत होतं. पुस्तक त्यांनी वाचलेलं होतं. पण त्याने काय होतं? वन्संना कुणाचा संशय आला, ते हवं होतं. वन्सं नेहमी सगळ्यांत जास्त मदत करणाऱ्यावर संशय घ्यायच्या. खिडकीत बसून त्यांना ठाऊक झालं होतं म्हणे, जो फार अदबीने विचारतो तोच रांग मोडतो. म्हणजे चहा देणारी बाई. पण मग "पैज लाव" का म्हणाल्या? इतक्या सोप्या नावावर त्या पैज लावणाऱ्यातल्या नव्हत्या. म्हणजे भाचा? की बरोबर ओळखलं होतं त्यांनी, रखवालदारच? काज करताना, इस्त्री फिरवताना, अस्तर बेतताना टाकेबाई त्या पाच जणांना एका खोलीत बसवत आणि एकेकाकडे पाहत. कुणी कबूल होत नसे. ज्या एका बाईने बोट दाखवलं असतं तिला त्यांनीच गप्प केलं होतं.

असेच बरेच महिने गेले. एका दुपारी भाऊजी गणवेशाच्या दोन पँटी घेऊन आले.

"वहिनी, कमरेत घ्यायच्या होत्या. गाडी चालवताना घसरतात."

टाकेबाईंनी टेप काढली. भाऊजींनी हात वर केले. टेप कमरेभोवती आली आणि पुष्कळ उरली. इतकी, की टाकेबाईंनी ती सैल करून परत लावली.

"जेवता की नाही?"

"जेवतो."

"कोण करतं?"

"मीच. बरं होत नाही." भाऊजी समोरच्या फळीकडे पाहत होते. हात अजून वरच होते. "वहिनी, एक सांगायचं राहिलंय. ते पुस्तक मी तिला वाचून दाखवलं."

"त्यांचं वाचून झालं होतं ना. टाक्यापर्यंत."

"टाक्याच्या पुढचं."

टाकेबाईंचा हात तिथेच थांबला. "टाका तर तसाच आहे. मी पाहिलाय, गाठ माझी आहे."

"तसाच आहे. मी म्हटलं होतं, नर्सबाईंकडून कात्री आणतो. ती नको म्हणाली. म्हणाली, वहिनीचा टाका आहे, तो दवाखान्याच्या कात्रीने कापायचा नाही."

टेप टाकेबाईंनी हळूहळू गुंडाळली, बोटाभोवती, जशी कधी गुंडाळत नसत.

"शेवटी तिला डोळे उघडवेनात," भाऊजी म्हणाले. "दुपारी कण्हायची. मग मीच म्हटलं, ऐक, कापला मी दोरा, वाचून दाखवतो. पुस्तक घेतलं. पण मला ते छापलेलं भरभर कुठे येतं? आणि पानं तर शिवलेली. तरी धरलं पुढ्यात. तिने हात काढला चादरीतून आणि कडेवरून फिरवला. दोरा होता. बोटाला लागला तिच्या. मला वाटलं, आता झाडते मला. तर म्हणाली, वाचा. जरा मोठ्याने."

"आणि काय वाचलंत?"

"काय वाचणार? तिने मला आधी थोडी गोष्ट सांगितली होती. गाणं चाललेलं, तो माणूस खुर्चीत. मी म्हटलं, छत्रीवाल्या म्हातारीने सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, याला कुणी मारलं नाही. हा दमलेला होता. लांबून आला होता, गाडीत बसायला जागा मिळाली नव्हती. गाणं चांगलं होतं. त्याने डोळे मिटले, आणि उघडायचे राहून गेले."

खिडकीतून उजेड टेबलावर पडला होता, जिथे खडूची ती अर्धी रेघ एके काळी होती तिथे. टाकेबाई तिकडे पाहत राहिल्या.

"मग?"

"मग ती म्हणाली, म्हणजे दोष कुणाचाच नाही? मी म्हटलं, कुणाचाच नाही, असंच छापलंय. ती म्हणाली, अगदीच भिकार पुस्तक. वहिनीला सांगू नका, बिचारी परत करायला जाईल." भाऊजींच्या तोंडावर हसू आलं आणि तिथेच अडलं. "मग झोपली जरा. त्या दिवशी कण्हली नाही."

"भाऊजी," टाकेबाईंनी विचारलं, "त्यांनी नाव सांगितलं का तुम्हाला? त्यांना कोण वाटत होतं?"

"विचारलं मी. नाही सांगितलं. म्हणाली, ते वहिनीला सांगायचं असतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली. दुकानाच्या काचा थरथरल्या आणि थांबल्या.

"हात खाली घ्या, भाऊजी. माप झालंय."

भाऊजींनी हात खाली घेतले आणि पहिल्यांदाच त्या खुर्चीत बसले, नीट पुसलेल्या. जरा वेळाने म्हणाले, "खरं कोण आहे त्यात? तुम्हाला ठाऊक असेल."

खोटं बोलावं असं टाकेबाईंच्या मनात येऊन गेलं. पण या खुर्चीतल्या माणसाला त्यांनी आजवर कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"रखवालदार. परीक्षक ते सभागृह विकायला निघाला होता. रखवालदार तिथेच राहायचा."

भाऊजींनी विचार केला. "हॅं. माझं बरं होतं."

"हो. तुमचं बरं होतं."

"तिला हे रखवालदाराचं सांगितलं असतं तर म्हणाली असती, मला माहीतच होतं."

"प्रत्येक वेळी तेच म्हणायच्या," टाकेबाई म्हणाल्या. "चुकल्या तरी." आणि त्यांनी पँट डोळ्यांसमोर धरली, शिवण पाहावी तशी, पार तोंड झाकेपर्यंत. भाऊजी उठून दारापाशी गेले आणि तिथे पाठमोरे उभे राहिले. त्यांना घाई नव्हती.

ते गेल्यावर टाकेबाईंनी करडा स्वेटर काढला. गळ्याशी ते मूळचं बटण होतं. त्यांनी ते काढलं, डब्यात बोटं घालून हाताला लागेल ते दुसरं घेतलं आणि त्या जागी लावलं. नाव न ऐकता लावलेलं ते पहिलं बटण. लावून झाल्यावर दोरा दाताने तोडला आणि स्वेटर घडी करून ठेवला. बरं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

मग त्यांनी अर्धं ब्लेड घेतलं, शिवण उसवायला शिंपी वापरतात ते, आणि फळीवरचं पहिलं पुस्तक मांडीवर ओढलं. गाठ कापली, दोरा खेचला. पुस्तक एकदम सैल होऊन पसरलं, पट्टा सोडलेल्या माणसासारखं. मग दुसरं. मग तिसरं. दुपार कलली, गणवेश तसेच पडून राहिले. पायाशी दोऱ्यांचे तुकडे साचले, आखूड, वाकडे, भोकांची सवय लागल्यासारखे जागोजाग मुरडलेले. फळीच्या टोकाच्या पुस्तकापाशी त्या आल्या, ते हातात घेतलं, मळलेल्या जागेवर बोट ठेवलं, आणि ब्लेड खाली ठेवून दिलं. ते एक तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला पुस्तक बदलायला आला. फळीवरचं एक उचललं आणि दारातच थबकला.

"टाकेबाई, दोरा कुठाय?"

"काढला."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. ज्याला जेव्हा वाचायचंय त्याने तेव्हा वाचावं."

"आणि नाव? खुर्ची? बटण?"

"नाव काय, कुठेही सांगा. रस्त्यात भेटलात तरी सांगा. मी ऐकीन."

सलूनवाला बराच वेळ पुस्तक चाळत उभा राहिला. गंमत गेली, असं तो पुटपुटला, पण पुस्तक घेऊन गेला. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला परत आला. खुर्चीत बसावं की नाही, हे त्याला कळेना. मग उभ्यानेच म्हणाला,

"कबूल करतो. दोन गिऱ्हाइकांच्या मधे शेवटचं पान वाचून टाकलं. राहवलं नाही. रागावू नका."

टाकेबाई मशीनवर झाकण घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बरं केलंत," त्या म्हणाल्या.